आंदण दिलेल्या धावपट्ट्या

गोव्यात विमानतळाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, "काही म्हणा, दाबोळी पाखल्यांनी दिली." दुसरं, "आणि मग कँडेथने ती नेव्हीला आंदण देऊन टाकली." पहिलं वाक्य म्हणणारा सुस्कारा सोडतो, दुसरं म्हणणारा टेबलावर मूठ आपटतो. दोघांनाही मी गेली वीसेक वर्षं ऐकतोय. कचेरीत, कदंबच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे. आज मला या दोघांशीही भांडायचं आहे. देणारा कोण आणि घेणारा कोण यावर त्यांचा वाद चालतो, पण जी वस्तू दिली-घेतली ती मुळात होती कुणाची, हा प्रश्न दोघांपैकी एकाच्याही डोक्यात येत नाही.

मी पडलो सरकारी कारकून. बी.ए. इतिहास घेऊन केलं आणि पोटासाठी फायलींत शिरलो. जमिनीचा कुठलाही कागद हातात पडला की आधी कब्जेदाराचा रकाना बघायची खोड लागली आहे. आपल्याकडे एक-चौदाचा उतारा असो की महाराष्ट्रातला सातबारा, सगळी गंमत त्या रकान्यात असते. त्यामुळे कुणी 'दिली', 'आंदण', 'बक्षीस' असले शब्द वापरले की माझे कान टवकारतात. लग्नात आंदण देणारासुद्धा आपल्या घरातलं देतो हो, शेजाऱ्याच्या घरातलं नाही!

हे सगळं उसळून वर यायला निमित्त झालं ते बेळगावकडचं. माझी ताई मच्छे गावात दिली आहे. बेळगावहून गोव्याकडे निघालं की पिरनवाडीनंतर मच्छे लागतं. औद्योगिक वसाहत, विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ, रस्त्याकडेची गॅरेजं. आपल्यातल्या बहुतेकांनी ते बसच्या खिडकीतून पाहिलेलं असतं, नाव माहीत नसतं एवढंच. गेल्या मे महिन्यात तिथे गेलो असताना भाच्याने विचारलं, "मामा, सांबऱ्याचं विमानतळ दुसऱ्या महायुद्धात नेव्हीचं ट्रेनिंगचं होतं, खरं काय?" कुठेतरी मोबाइलवर वाचलं होतं त्याने. मी तोंड उघडायच्या आत भावजी म्हणाले, "असंल की! गोव्याचं नेव्हीचंच हाय न्हवं? मग हितलं बी असंल."

भावजींचं तर्कशास्त्र मला फार आवडलं. गोव्याचा शेजार लागला की विमानतळ नेव्हीचा असणारच! पण तसं नाही. बेळगावच्या एका अंगाला मच्छे, तर दुसऱ्या अंगाला, बागलकोटच्या रस्त्यावर, शहरापासून दहाएक किलोमीटरवर सांबरा. तिथला विमानतळ उभारला तो १९४२ साली, आणि तो ब्रिटिशांच्या हवाई दलाने, म्हणजे आरएएफने. प्रशिक्षणासाठी उभारला हे मात्र भाच्याचं बरोबर.

मग नौदलाची भानगड कुठली? ती आहे खाली तमिळ मुलखात. युद्धकाळात इंग्रजांच्या नौदलाने आपल्या विमानांसाठी कोइंबतूरला दुरुस्तीचा मोठा तळ उघडला, त्याचं नाव 'गरुडा'. जवळच सुलूरला धावपट्टी होती, तिचं नाव 'वैरी'. मराठी माणूस दचकेल, पण तमिळमध्ये वैरी म्हणजे ससाण्याच्या जातीचा शिकारी पक्षी. नौदलाची आपल्या हवाई तळांना पक्ष्यांची नावं द्यायची रीतच आहे. सुलूरचं नाव लक्षात ठेवा. तिथून एक पक्षी उडून पुढे आपल्या अंगणात येऊन बसणार आहे.

आता १९४२ सालच का? १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जपानी विमानांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर बॉम्ब टाकले, आपल्या विशाखापट्टण आणि काकीनाड्यालाही प्रसाद मिळाला. पूर्व किनारा धोक्यात. तेव्हा नवशिक्यांना शिकवायचं ते कुठेतरी आत, पश्चिमेकडे, शत्रूच्या पल्ल्याबाहेर. बेळगाव त्याला सगळ्या बाजूंनी सोयीचं होतं. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवरचं पठार, हवा चांगली, रेल्वे आहे, जुनं कँटोन्मेंट आहे, १९२२ पासून मराठा पलटणीचं केंद्र आहे. आणि शहराच्या पूर्वेला सांबरा, मुतगे, बाळेकुंद्रीच्या शिवारात मैलच्या मैल सपाट जमीन.

इथे जरा थांबू या. सपाट, टणक, पाणी न तुंबणारी, रस्त्याला लागून असलेली जमीन विमानाला लागते. नांगराला याहून वेगळी काय लागते? धावपट्टी सहसा डोंगराच्या कड्यावर किंवा दलदलीत होत नाही, ती होते गावच्या चांगल्या जमिनीत. म्हणजे सांबऱ्याच्या विमानतळाचा इतिहास पहिलं विमान उतरलं त्या दिवशी सुरू होत नाही. तो त्याआधी, कुणीतरी साखळी आणि खुंट्या घेऊन शिवारात आला त्या दिवशी सुरू होतो.

पण हा इतिहास तुम्हांला कुठे वाचायला मिळतो? मला मिळालेला सगळा मजकूर विमानांचा. कुठली स्क्वाड्रन, कुठलं विमान, इंजीन कुठलं, पंखाखाली रॉकेटं किती. त्या हौशी मंडळींच्या चिकाटीला माझा नमस्कार. मलाही त्यात रस आहे, खोटं कशाला बोलू? डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मोहिमेत ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या व्हॅम्पायर विमानांनी चुकून आपल्याच शीख पलटणीवर रॉकेटं सोडली, दोन जवान जखमी झाले. तीच ४५ क्रमांकाची स्क्वाड्रन अलीकडे देशी बनावटीची तेजस विमानं घेऊन उभी राहिली, आणि तिचं बिऱ्हाड कुठे, तर सुलूरला! असलं काही सापडलं की माझी रात्रीची झोप जाते. पण असा इतिहास वीस हजार फुटांवरून लिहिलेला असतो. वरून धावपट्टी दिसते, धावपट्टीखालचं शेत दिसत नाही.

बरं, सांबऱ्याची माती उकरली जात होती तेव्हा आपल्या गोव्यात काय चाललं होतं? पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे गोवाही कागदोपत्री तटस्थ. मुरगाव बंदरात शत्रुराष्ट्रांची जहाजं आसऱ्याला येऊन पडलेली. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या गोऱ्या पेन्शनर-छाप हौशी शिपायांनी 'एहरेनफेल्स' या जर्मन जहाजावर चाल केली आणि ती सगळी जहाजं बुडाली. युद्ध आपल्या अंगणापर्यंत आलं ते एवढंच. धावपट्टी मात्र आली नाही. ती यायला १९५५ उजाडलं.

आणि इथेच पहिल्या सुस्कारेवाल्याशी माझं भांडण आहे.

१९५५ साली पोर्तुगीजांना विमानतळ का आठवला? साडेचारशे वर्षं आठवला नव्हता तो? (विमानंच नव्हती म्हणाल, पण १९३० पासून तर होती ना!) त्याचं कारण दिल्लीत होतं. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही सरहद्दीवर चालून आले, पत्रादेवीला आणि इतरत्र पोर्तुगीजांनी नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, आणि भारताने नाकेबंदी आवळली. लोंढ्याकडून येणारी आगगाडी बंद, सरहद्द बंद, वकिलात बंद. गोव्याचा जमिनीवरचा श्वास कोंडत होता, त्याच काळात गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिशने आकाशातून नळी घातली. दाबोळीच्या पठारावर २४९ एकरांत विमानतळ उभा राहिला, पुढे त्याला त्याच गेदिशचं नाव मिळालं. 'ताइप' नावाची विमान कंपनी निघाली, दमण, दीव, कराचीला विमानं जाऊ लागली. त्यातून काही गोंयकार प्रवासाला गेले, कुणाचा औषधोपचार झाला, कुणाला आफ्रिकेतल्या भावाला भेटता आलं, हे सगळं खरं. पण हेतू काय होता? वसाहत टिकवणं. ज्याला दोर लावून बांधलंय त्याला दोराची लांबी दाखवून 'बघ, किती दिला' म्हणायचं, असला हा प्रकार.

आणि 'दिली' म्हणताना तो पठार कुणाचा होता? लिस्बनहून बोटीत घालून आणला नव्हता. चिखली-दाबोळीच्या लोकांची गुरं तिथे चरत होती.

आता १९६१. हा भाग आपल्याकडे दर १९ डिसेंबरला भाषणांत येतो, पण भाषणांत फक्त "छत्तीस तास" येतात. सांबरा येत नाही. खरं तर यायला हवा. एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो यांच्या हाती हवाई मोहीम होती आणि विमानं गोळा केली होती ती पुण्यात आणि सांबऱ्याला. १८ डिसेंबरच्या सकाळी विंग कमांडर मेनन यांच्या हाताखाली १२ कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं दाबोळीवर आली आणि काही मिनिटांत ६३,००० पौंड दारूगोळा धावपट्टीवर ओतून गेली. नंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांची आठ कॅनबेरा. बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर सहा हंटर विमानांनी रॉकेटं टाकली, ती हंटर सांबऱ्याहून उडाली होती. आज बांबोळीला आपण इस्पितळात नंबर लावायला जातो, त्याच पठारावर.

वैमानिकांना हुकूम असा होता, की धावपट्टी फोडा, पण टर्मिनलची इमारत आणि बाकी सोयींना हात लावू नका. हुकूम तंतोतंत पाळला गेला. म्हणजे बॉम्ब टाकतानाच ठरलेलं होतं, ही वस्तू उद्या आपल्याला लागणार आहे. (गंमत म्हणजे तिथे उभी असलेली दोन मोठी प्रवासी विमानं, त्यातलं एक सुपर कॉन्स्टेलेशन, याच कारणासाठी सोडून दिली, आणि त्याच रात्री पोर्तुगीज वैमानिकांनी फुटक्या धावपट्टीवरून ती उडवून कराची गाठलं. शत्रू झाला तरी हिमतीला हिंमत म्हणावं लागतं.)

जमिनीवरून आलेलं सैन्यही बेळगावातूनच आलं. सतराव्या डिव्हिजनची जमवाजमव बेळगावात झाली. ६३ क्रमांकाची ब्रिगेड अनमोडवरून मोलेत उतरली आणि फोंड्याकडे गेली. बेळगावहून अनमोडला जाणारा रस्ता मच्छ्यावरूनच जातो. त्याआधी, गोव्यातून तडीपार झालेल्या, पळून आलेल्या किती गोमंतकीयांना बेळगावने घरात घेतलं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो १९५५ पासून सहा वर्षं आंबोली आणि कॅसलरॉकच्या रानात बसून मुक्तीचा रेडिओ चालवत होते, तोही याच पट्ट्यात. लिबियाबाईंना पद्मश्री मिळायला २०२५ उजाडलं. असो. सांगायचं ते एवढंच, की आपल्या मुक्तीचा अर्धा रस्ता बेळगावच्या शिवारातून गेला आणि विमानं ज्या जमिनीवरून उडाली ती जमीन मराठी-कानडी शेतकऱ्यांकडून एकोणीस वर्षं आधी, तिसऱ्याच कुणाच्या युद्धासाठी गेलेली होती. आपण त्या गावांचे देणेकरी आहोत, आणि आपल्या एका भाषणात त्यांचं नाव नाही.

एप्रिल १९६२ मध्ये लष्करी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ यांनी दाबोळी नौदलाच्या हवाली केली. आता मूठ आपटणाऱ्या दुसऱ्या मित्राकडे वळतो. त्याची तक्रार, की गोव्यात निवडून आलेलं सरकार यायच्या आधीच हा व्यवहार झाला. बरोबर आहे. भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं डिसेंबर १९६३ मध्ये. तोवर गोव्याच्या माणसाला विचारणारं कुणी नव्हतं. टेबलाच्या या बाजूच्या वर्दीने त्या बाजूच्या वर्दीकडे फाइल सरकवली, एवढंच घडलं.

आणि आता तो पक्षी. ५ सप्टेंबर १९६१ ला सुलूरच्या जुन्या 'वैरी'च्या जागी भारतीय नौदलाने आपला जेट विमानांचा तळ उघडला होता. नवीकोरी विक्रांत येणार, तिच्यावरच्या सी हॉक विमानांचे वैमानिक तयार करायला हवेत, म्हणून. त्याचं नाव 'हंसा'. जून १९६४ मध्ये हा हंसा सुलूरहून उठून दाबोळीला आला तो आजतागायत. म्हणजे बघा, ब्रिटिश हवाई दलाची एक धावपट्टी, ब्रिटिश नौदलाची एक आणि पोर्तुगीजांची एक, अशा तिन्ही अडीच वर्षांत एकमेकींत गुंतल्या. एकीवरून उडालेल्यांनी दुसरी घ्यायला मदत केली आणि तिसरीवरचे लोक तीत राहायला आले. यातली एकही धावपट्टी, ज्यांच्या जमिनीवर ती होती त्यांच्यासाठी बांधलेली नव्हती. भाच्याला मी म्हटलं ते हेच, की बाबा, नौदलाचं युद्धकाळातलं प्रशिक्षण केंद्र तुमच्याकडे नव्हतं, त्याचा वारसा आमच्याकडे आलाय.

पण मूठ आपटणाऱ्या मित्रा, तू पुढे काय म्हणतोस? "आमची दाबोळी." आमची म्हणजे कुणाची रे? हॉटेलवाल्यांची? चार्टरवाल्यांची? कित्येक वर्षं सकाळच्या वेळी नौदलाचं शिक्षण चालायचं आणि नागरी विमानांना ताटकळावं लागायचं, याचा तुला राग. माझाही एकदा मुंबईचा मुलाखतीचा दिवस बुडालाय त्यात. पण नौदल गेलं असतं तर जमीन कब्जेदाराला परत मिळणार होती का? ती या खात्याकडून त्या खात्याकडे गेली असती, तिथून एखाद्या कंपनीकडे. समुद्रात अडकलेल्या आपल्या रापणकाराला उचलून आणायला निदान नौदलाचं हेलिकॉप्टर येतं, कंपनी आली असती का हे मला माहीत आहे आणि तुलाही.

माझ्या एका सहकाऱ्याने, चांगला वाचणारा माणूस आहे, मला यावर ऐकवलं, "जपान दारात उभा होता तेव्हा कुणी उतारे बघत बसायचं का? आणि १९६१ ला सांबरा नसता तर?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो. १९४२ ला धावपट्टी लागत होती, मान्य. १९६१ ला सांबरा हाताशी होता म्हणून बरं झालं, तेही मान्य; मी त्याच मुक्तीचं मीठ खातो. विमानतळ बांधायला नको होता असं मी कुठे म्हटलं? त्याची किंमत कुणी भरली ते लिहून ठेवा, एवढंच म्हणतोय. मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना त्याच युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांची नावं आपण अभिमानाने घेतो. त्याच युद्धात ज्याच्या शेतावर रोलर फिरला त्याचं नाव घ्यायला काय हरकत आहे?

आणि "युद्धापुरतं" हा शब्द फार फसवा आहे, हे कारकुनाइतकं कुणालाच माहीत नसतं. त्या काळी जमीन घ्यायचे दोन मार्ग होते. एक, १८९४ चा भूसंपादन कायदा. त्यात मोबदला देऊन मालकीच सरकारकडे जायची. दुसरा, १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखालची नियमावली. त्यात नुसता ताबा घ्यायचा, भाडं किंवा भरपाई द्यायची, आणि गरज सरली की परत करायची. ऐकायला किती छान! युद्ध संपलं, १९४६ मध्ये त्या कायद्याची मुदतही संपली. पण ताबे सुटू नयेत म्हणून १९४७ मध्ये अधिकार चालू ठेवणारा वेगळा कायदा आला. मग १९५२ मध्ये नवा कायदा, सहा वर्षांपुरता. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, आणि १९७० मध्ये तो कायमचाच झाला. 'तात्पुरतं' लिहिलेली फाइल कपाटात कशी म्हातारी होते, ते मी रोज बघतो. सांबऱ्याच्या एकेका सर्व्हे नंबराची वाट यातली कोणती, ताबा की संपादन, मोबदला कुणाच्या हाती पडला आणि कुणाच्या नाही, हे तिथल्या गावांनी कागद काढून बघायला हवं. काम सोपं नाही. १९४२ साली बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला. कागद एका राज्यात जन्मला आणि दुसऱ्यात नांदायला गेला. पण कठीण म्हणजे अशक्य नव्हे.

इथे मला आपल्या मराठी चळवळीलाही दोन शब्द सुनवायचे आहेत. सीमाभाग म्हटलं की आपण ८६५ गावं म्हणतो. महाजन आयोग म्हणतो, २००४ पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा म्हणतो. म्हणायलाच हवं. पण गाव हा यादीतला आकडा झाला की त्याचा बाकीचा इतिहास गळून पडतो. सांबरा मराठी आहे की कानडी यावर आपण सत्तर वर्षं बोलतोय, सांबऱ्याची जमीन कुठे गेली यावर किती बोललो? ज्या दिवशी साखळी पडली त्या दिवशी ती मराठी शेत आणि कानडी शेत बघून पडली नव्हती. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी या गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात, लोक घरची भाकरी खाऊन भरवतात, मला त्यांचं फार कौतुक आहे. तिथे एखादा परिसंवाद या विषयाचा ठेवा की! कथाकथन होतंच आहे, म्हाताऱ्या माणसाला मंचावर बसवून विचारा, धावपट्टीच्या आधी तिथे काय पिकत होतं.

जुनी गोष्ट उकरून काढतोय असं कुणाला वाटत असेल तर त्याने मच्छ्याला जावं. पुणे-बंगळूर महामार्गावरचं हलगा आणि गोव्याच्या रस्त्यावरचं मच्छे जोडणारा बायपास गेली कित्येक वर्षं गाजतोय. तो येळ्ळूर, अनगोळ, शहापूर, वडगावच्या पिकाऊ शिवारातून जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकात यंत्रं घातली, शेतकरी आडवे पडले, न्यायालयात गेले. भावजींचे सोयरे त्यात आहेत. बायपास कशासाठी? गोव्याकडे जाणाऱ्या वाहनांना बेळगाव शहरात अडकायला नको म्हणून. म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी! इथे जपान दारात नाही, युद्ध नाही. आपला अर्धा तास वाचणार आहे. तरी त्या बातम्या आपल्याकडे किती जणांनी वाचल्या? आपल्याला बेळगाव आठवतं ते कुंदा, भाजी आणि स्वस्त कापड यांच्यासाठी.

मोप्याच्या वेळीही आपण असेच वागलो. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन, ५ जानेवारी २०२३ ला विमानं सुरू. तोवर सगळ्या गोव्यात चर्चा एकच, उत्तर की दक्षिण, मोपा की दाबोळी, टॅक्सीचा धंदा कुणाचा. पेडण्याच्या पठारावरच्या धनगरांची घरं उठली, त्यांच्यावर बोलणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. त्यांना उद्या कुणीतरी सांगेलच, "काही म्हणा, विमानतळ दिला."

बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, १९९८ पासून. मुलांना घेऊन जरूर जा. सी हॉक आहे, सी हॅरिअर आहे, सगळं नीट ठेवलेलं आहे. त्या संग्रहालयात मला एक फळा हवा आहे, फार मोठा नको. वर दाबोळीचा १९५५ च्या आधीचा नकाशा, पाणंदी आणि गुरांच्या वाटांसकट, आणि खाली जमिनी ज्यांच्या होत्या त्यांची नावं. सांबऱ्यालाही तसाच हवा. तिथे २०१७ मध्ये नवीन टर्मिनल झालं, धावपट्टी वाढवली, त्यासाठीही पुन्हा जमीन लागलीच. भिंतीवर जागा भरपूर आहे.

भाच्याला मी या दिवाळीच्या सुट्टीसाठी काम लावलं आहे. सांबरा, मुतगे, बाळेकुंद्री या गावांत नव्वदीच्या पुढची जी माणसं असतील त्यांच्याकडे जायचं आणि तीनच गोष्टी विचारायच्या. धावपट्टीखाली गेलेल्या शेताचं नाव काय होतं, त्यात काय पेरत होते, आणि हातात किती रुपये पडले. जात विचारायची नाही, भाषा विचारायची नाही. तुमच्यापैकी कुणाचं आजोळ त्या बाजूला असेल, किंवा चिखली-दाबोळीकडे कुणाच्या पेटीत पोर्तुगीज काळातला जमिनीचा कागद पडून असेल, तर मला कळवा. पोर्तुगीज वाचून देणारे एक निवृत्त नोटरी माझ्या ओळखीचे आहेत, आणि मोडी मी स्वतः लावतो.